जड चाकाची बाजू

गाडीचे अंतरंग : लेखांक ९

टर्बो इंजिनाचे रीमॅपिंग केल्यावर टॉर्क कसा वाढतो, ते मागच्या लेखांकात पाहिले. टॉर्क वाढला की क्लचचा प्रश्न उभा राहतो. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर फ्लायव्हीलही हलके टाकून घ्या, हा सल्ला मग ठरलेला. हुबळी-धारवाड, बेळगाव, कोल्हापूर या पट्ट्यात अस्सल दोन दारांच्या स्पोर्ट्स कार थोड्याच. पण तेजतर्रार टर्बो सेडान आणि हॅचबॅक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मालकांना हा सल्ला हमखास मिळतो. मजुरी एकदाच लागते, हे त्यातले खरे. तरीही रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत तो सल्ला चुकीचा आहे, असे माझे मत आहे. क्लच वाढलेल्या टॉर्कला पुरेल एवढाच वाढवावा आणि फ्लायव्हीलच्या वजनाला शक्यतो हात लावू नये. हलके फ्लायव्हील ज्या क्षणी फायदा देते, नेमक्या त्याच क्षणी ते नव्या क्लचवर जास्तीचा ताप टाकते.

फ्लायव्हीलचे काम समजायला गोठ्यातली हाताने फिरवायची कडबाकुट्टी पुरते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवण्याआधी बेळगावात जी यंत्रे घडवली, त्यांत लोखंडी नांगराबरोबर ही कडबाकुट्टीही होती. तिचे चाक मुद्दाम जड असते. पाते कडब्याच्या पेंढीला भिडते त्या क्षणी हाताचा जोर एकटा पुरत नाही. चाकात आधीच साठलेली गती पात्याला पेंढीतून आरपार नेते. चाक हलके असते तर प्रत्येक काप्याला मनगटाला हिसका बसला असता. चार सिलिंडरच्या इंजिनाचेही असेच. क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदाच पेटलेल्या वायूचा धक्का मिळतो, आणि मधल्या वेळात इंजिनाला स्वतःच हवा दाबायची असते. फ्लायव्हील धक्क्याच्या वेळी ऊर्जा घेते आणि मधल्या वेळात परत देते. गाडी जागेवरून हलताना तर त्या साठ्यावरच पहिला ओढा निघतो. म्हणून त्या वजनाला निव्वळ ओझे म्हणणे बरोबर नाही.

आता क्लच. क्लच ताकद निर्माण करत नाही, मिळालेली पुढे पोचवतो, आणि किती पोचवू शकेल हे चार गोष्टींवर ठरते : प्रेशर प्लेटचा दाब, घर्षणाचा गुणांक, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. या चारांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. उदाहरणाला मराठवाड्यातलीच गाडी घेऊ. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना आहे. २०११ मध्ये आलेल्या लॉरा आरएसमध्ये १.८ लिटरचे टर्बो इंजिन होते, टॉर्क २५० न्यूटन-मीटर, आणि गिअर हाताने बदलायचे, सहा. अशा गाडीसाठी क्लचचे ढोबळ आकडे धरू : दाब ६००० न्यूटन, घर्षण गुणांक ०.३, सरासरी त्रिज्या ९८ मिलिमीटर, पृष्ठभाग दोन. गुणाकार येतो सुमारे ३५० न्यूटन-मीटर, म्हणजे मूळ टॉर्कच्या १.४ पट. हा वाढावा चैनीचा नाही. क्लच तापला की घर्षण घटते. गुणांक ०.२५ वर आला तर तीच क्षमता २९४ वर येते. मूळचे २५० त्यातही निभावतात. पण रीमॅप करून टॉर्क ३३० वर नेला, तर थंड क्लच ते पेलतो आणि तापलेला घसरतो. घसरला की आणखी तापतो, आणि तापला की आणखी घसरतो. सकाळी ठणठणीत वाटलेली गाडी संध्याकाळी चढावर आरपीएम वाढवते पण वेग घेत नाही, त्याचे कारण हे आहे.

तेव्हा अशा गाडीला क्लच वाढवून हवा, याबद्दल वाद नाही. वाद किती आणि कसा एवढाच. प्रेशर प्लेटचा दाब तीस टक्क्यांनी वाढवला आणि अस्तर नेहमीचेच, म्हणजे ऑरगॅनिक ठेवले, तर क्षमता थंड असताना सुमारे ४६० आणि तापल्यावर ३८० होते. ३३० न्यूटन-मीटरच्या गाडीला हे पुरून उरते. तरी पुष्कळदा विकला जातो तो धातू आणि सिरॅमिकच्या ठोकळ्यांचा, डॅम्पर स्प्रिंग नसलेला शर्यतीचा क्लच. त्याचा घर्षण गुणांक जास्त आणि उष्णता सोसण्याची ताकद मोठी, हे मान्य. पण तो हळूहळू पकडत नाही. एक तर सुटलेला असतो, नाही तर पकडलेला. सिग्नलवरून निघताना गाडी थरथरते, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर खरवडला जातो, आणि धक्के थेट गिअरबॉक्सच्या दातांवर जातात. पेडल जड झाले म्हणजे क्लच मजबूत झाला, हा समजही सोडून द्यायला हवा. पेडलचा जडपणा दाबाइतकाच तरफेच्या मापावर आणि हायड्रॉलिक सिलिंडरच्या व्यासावरही अवलंबून असतो. दोन प्लेटच्या क्लचमध्ये पृष्ठभाग चार होतात, त्यामुळे कमी दाबात तेवढेच काम होते आणि पेडल हलके राहते. किंमत मात्र वाढते. ट्यूनिंग करणारे ज्या जपानी एक्सेडी कंपनीचे नाव आदराने घेतात, तिचा कारखाना भारतातही आहे. चांगल्या क्लचसाठी दर वेळी परदेशाकडे डोळे लावण्याचे कारण नाही. दोन पेडलच्या गाड्यांचा विषय वेगळा. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सची मर्यादाच मुळात २५० न्यूटन-मीटरची आहे, आणि तिथे रीमॅपचा विचार आधी गिअरबॉक्सपासून करावा लागतो.

आता फ्लायव्हीलच्या फायद्याचा हिशेब मांडू, कारण 'इंजिन मोकळे होते', 'पिकअप वाढतो' या शब्दांनी काही मोजता येत नाही. समजा, १२ किलोचे फ्लायव्हील काढून ७ किलोचे टाकले, आणि त्याचे फिरते जडत्व ०.१२ वरून ०.०७ किलोग्रॅम-मीटर वर्गावर आले. ही बचत गाडीचे किती वजन कमी केल्यासारखी आहे, ते काढता येते : जडत्वातला फरक गुणिले एकूण गिअर गुणोत्तराचा वर्ग, भागिले चाकाच्या त्रिज्येचा वर्ग. पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर १३.५ आणि चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर धरली, तर उत्तर येते ९५ किलो. मागच्या सीटवरून एक जाडजूड प्रवासी आणि त्याचे सामान उतरवल्यासारखे. तिसऱ्या गिअरमध्ये, गुणोत्तर ४.७ धरून, उरतात साडेअकरा किलो. सहाव्यात, २.८ धरून, चार किलो. माणसासह १४०० किलोच्या गाडीला चार किलो म्हणजे जेमतेम पाव टक्का. हायवेवर ओव्हरटेक करताना ज्या गिअरमध्ये ताकद हवी असते, तिथे हातात जवळजवळ काहीच पडत नाही. सारा फायदा पहिल्या आणि थोडाफार दुसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे निघतानाच्या चार-पाच सेकंदांत आहे.

आणि निघताना काय होते, ते या हिशेबाचे दुसरे अंग आहे. सपाट रस्त्यावर इंजिन १५०० आरपीएमवर धरून क्लच सोडला, तर पहिल्या गिअरमध्ये ताशी १३ किलोमीटरला क्लच पूर्ण जुळतो. तोवर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, जवळपास तितकीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते : सुमारे ९ किलोज्यूल. ही उष्णता आरपीएमच्या वर्गाने वाढते; ४५०० वर क्लच सोडला तर ती नऊ पट, म्हणजे ८० किलोज्यूलच्या वर. आता जड फ्लायव्हीलमध्ये १५०० आरपीएमला जितका साठा असतो, तितकाच हलक्या फ्लायव्हीलमध्ये हवा असेल तर इंजिन १९६० पर्यंत न्यावे लागते. उष्णता होते १५ किलोज्यूलच्या पुढे. सराईत चालक ॲक्सिलरेटर जपून देऊन यातला काही भाग वाचवील. पण इंजिन बंद पडू नये म्हणून थोडा जास्त रेस आणि थोडा जास्त हाफ क्लच, ही सवय हलक्या फ्लायव्हीलबरोबर जवळजवळ प्रत्येकाला लागते. एका खेपेला सहा किलोज्यूल किरकोळ वाटतील. हुबळीच्या चेन्नम्मा सर्कलपासून उणकल, नवनगर, सत्तूर करत धारवाडच्या ज्युबिली सर्कलपर्यंत वीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर गाडी किती वेळा थांबते आणि निघते, ते मोजा. त्यात धारवाड हुबळीहून उंचावर, म्हणजे जाताना एकंदर चढच. यल्लापूरच्या पुढचा अरबैल घाट किंवा गोव्याच्या वाटेवरचा अनमोड घाट घ्या; भरलेल्या लॉरीच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगताना क्लचला थंड व्हायला उसंत मिळत नाही, आणि चढाचा भार वेगळाच. वाढलेल्या टॉर्कसाठी म्हणून आपण क्लचमध्ये जो वाढावा विकत घेतला, त्यातला एक हिस्सा फ्लायव्हील हलके करून आपणच जाळतो. दोन निर्णय एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा की, शर्यतीच्या गाड्या हलकीच फ्लायव्हील वापरतात. त्यांच्या अभियंत्यांना हे कळत नाही का? कळते, आणि त्यांच्यासाठी तो निर्णय अचूक आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या करी स्पीडवेच्या धावपट्टीवर गाडी एका शर्यतीत एकदाच जागेवरून निघते. पुढे इंजिन सहसा वरच्या आरपीएमला असते, गिअर एकमेकांच्या जवळ बसवलेले असतात, आणि चालक वळणाआधी ॲक्सिलरेटरचा झटका देऊन आरपीएम जुळवत खालचा गिअर टाकतो. हलके फ्लायव्हील तिथे चटकन वर-खाली होते, त्याचा खरा उपयोग आहे. शिवाय क्लच झिजला की तो बदलायला माणसे उभी असतात. चोर्ला घाटाच्या वळणांवर आरपीएम जुळवत गाडी चालवण्याचा आनंद ज्याला हवा आहे आणि जो शहरात दुसरी गाडी वापरतो, त्याला मी अडवणार नाही. त्यानेही मूळ वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त कपात करू नये, एवढेच सांगेन.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो हलक्यात घेण्याजोगा नाही. अशा बऱ्याच गाड्यांत ड्युअल मास, म्हणजे दोन तुकड्यांचे फ्लायव्हील असते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर लुक या जर्मन कंपनीने ते बाजारात आणले. दोन चकत्यांच्या मध्ये कमानदार स्प्रिंगा बसवलेल्या असतात आणि इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोचण्याआधीच त्या गिळतात. स्प्रिंगा थकल्या की बदलायचा खर्च क्लचहून जास्त. मग अखंड फ्लायव्हील टाकून कायमची कटकट मिटवावी, हा विचार मनात येणारच. मुळात अखंड फ्लायव्हीलवर बेतलेल्या गाडीला त्यात काही अडचण नाही. पण ड्युअल मासच्या हिशेबाने बांधलेल्या गिअरबॉक्सची गोष्ट निराळी. दुसरी चकती गिअरबॉक्सच्या बाजूला जडत्व वाढवते, आणि त्यामुळे थरथरीचा अनुनाद इंजिनाच्या आयडलिंग वेगाच्याही खाली ढकलला जातो, जिथे गाडी कधी चालतच नाही. अखंड फ्लायव्हील टाकले की तो अनुनाद वर सरकून नेमका शहरात चालवायच्या आरपीएमवर येतो. न्यूट्रलमधला खडखडाट हे त्याचे ऐकू येणारे रूप. सिंक्रो आणि बेअरिंगवर पडणारा मार ऐकू येत नाही. नाइलाज असेल तर अखंड फ्लायव्हील पोलादी आणि पुरेसे जड घ्यावे, आणि क्लच प्लेट डॅम्पर स्प्रिंगांचीच घ्यावी. वाचवलेले पैसे वजन घटवण्यावर खर्चू नयेत.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नाही, धोक्याची आहे. आपला भाग ओतकामाचा आणि लेथचा. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिरोलीत ओतलेले भाग देशभर जातात. हुबळीच्या गोकुळ रोडवरही हवे ते कातून मिळते. त्या हातांच्या कसबाबद्दल मला नितांत आदर आहे. पण जुने बिडाचे फ्लायव्हील लेथवर चढवून पातळ करून देणे हा त्या कसबाचा गैरवापर आहे. ७००० आरपीएमला १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाची कड सेकंदाला १०० मीटरहून जास्त वेगाने फिरते, आणि कडेत सुमारे ७५ मेगापास्कल ताण येतो. धडधाकट बीड तो सोसते. पण क्लचच्या उष्णतेने पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडलेल्या असतील, कातताना खाच राहिली असेल, तर बिडात ताण सहन करत वाकण्याचा गुण नाही. ते सरळ फुटते. तुकडे गिअरबॉक्सचे कवच फोडून बाहेर येतात आणि ते कवच चालकाच्या पायांजवळ असते. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींत वेगवान वर्गांच्या गाड्यांना एसएफआय या सुरक्षा मानकांप्रमाणे प्रमाणित फ्लायव्हील आणि क्लच लागतात, ते याच कारणाने. पृष्ठभाग साफ करण्यापुरते फेसिंग उत्पादकाने दिलेल्या किमान जाडीच्या खाली न जाता करावे. वजन घटवण्यासाठी बीड कातू नये. ड्युअल मास फ्लायव्हील तर लेथवर चढवूच नये.

म्हणून रीमॅप केलेल्या गाडीसाठी माझा कौल असा : जास्त दाबाची प्रेशर प्लेट, स्प्रिंगांची ऑरगॅनिक प्लेट, नवे रिलीज बेअरिंग, आणि मूळ वजनाचेच फ्लायव्हील, तपासून किंवा नवे. बसवल्यावर पहिले ५०० ते ८०० किलोमीटर शहरात शांतपणे चालवून अस्तर बसू द्या. पूर्ण ॲक्सिलरेटर त्यानंतर. आणि खर्चाला हात घालण्याआधी क्लच खरोखर घसरतो का, ते पाहा : मोकळ्या चौपदरी रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वेगाला सोडून वर पळाला तरच क्लच कमी पडतो आहे. हुबळी-धारवाड बायपास वर्षानुवर्षे दुपदरी राहिला आणि त्यावर अनेक जीव गेले. ही चाचणी तिथे करू नका. शेवटी गॅरेजवाल्याला दोनच आकडे विचारा : माझ्या गाडीचा मोजलेला टॉर्क किती, आणि तुम्ही सुचवता त्या क्लचची क्षमता किती. ज्याला हे दोन आकडे सांगता येत नाहीत, त्याला गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.