शिट्टीआधीचा न्याय

२ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी वाडिया पार्कवर काय घडले, हे नगरकरांना नव्याने सांगायला नको. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम कुस्ती होती, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी मोहोळ यांना चितपट विजयी ठरवले. आपली पाठ टेकलीच नव्हती, असे राक्षे यांचे म्हणणे होते. वाद वाढला आणि राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. त्यानंतर किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड यांनीही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन आखाडा सोडला. दोघांवर तीन तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली.

दुसऱ्या दिवशी आमच्या चौकात चहाच्या गाडीवर दोन तट पडले. एक म्हणे, पंचावर पाय उचलला म्हणजे संपलेच. दुसरा म्हणे, निकालच चुकला असेल तर गड्याने करायचे काय? मी गप्प बसून ऐकत होतो. कारण शिस्त आणि न्याय यांच्यातल्या याच भांडणाचा माग मी गेली कित्येक वर्षे काढतो आहे. फक्त माझे मैदान लहान आहे. तिथे तिकीट नसते, कॅमेरा नसतो. ते मैदान म्हणजे शाळांच्या फुटबॉलचे.

मी शिक्षक नाही की पंचही नाही. पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली. फुटबॉलचे नियम मी जुन्या पुस्तिकांतून शिकलो आणि बाकीचे कडेच्या रेषेवर वही घेऊन उभे राहून. त्या वहीतून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

सुरुवात थोडी मागून करू. आज फुटबॉल म्हटले की शिट्टीवाला पंच डोळ्यांपुढे येतो, पण हा खेळ पंचाशिवायच जन्मला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शाळा-महाविद्यालयांतील मुले तो खेळत, तेव्हा वाद झाला तर दोन्ही कर्णधार आपसात मिटवत. पुढे प्रत्येक संघाने आपला एक पंच आणायचा, असे ठरले. दोघांचे जमेना, म्हणून तिसरा माणूस मैदानाबाहेर बसवला. दोघांनी त्याच्याकडे वाद सोपवायचा, म्हणून इंग्रजीत त्याला ‘रेफरी’ म्हणू लागले. १८९१ मध्ये हा तिसरा माणूस मैदानात आला आणि निर्णयाचे अधिकार त्याच्या हाती गेले. पेनल्टी किकही त्याच वर्षीची. ती सुचवणारा विल्यम मॅक्रम हा आयर्लंडचा, आणि स्वतः गोलकीपर! सभ्य माणूस मुद्दाम फाउल करेलच कसा, असे म्हणून कित्येक सद्गृहस्थांनी तेव्हा नाके मुरडली होती. पण खेळ सद्गृहस्थांच्या हातून सर्वांच्या पायांत गेला होता. आता भरवसा माणसाच्या घराण्यावर ठेवून चालणार नव्हते, तो नियमावर ठेवावा लागणार होता.

पिवळ्या-लाल कार्डांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचाने अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटीन याला बाहेर काढले. पंचाला स्पॅनिश येत नव्हते. रॅटीन कितीतरी वेळ मैदान सोडेना. त्या स्पर्धेत पंचांची जबाबदारी केन ॲस्टन यांच्यावर होती. घरी जाताना लंडनच्या रस्त्यावर सिग्नलपाशी गाडी थांबली आणि त्यांना सुचले: पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे थांब. भाषा कुठलीही असो, रंग सर्वांना कळतो. १९७० च्या विश्वचषकात कार्डे आली. हे ॲस्टन पेशाने शाळामास्तर होते. मला यात योगायोग वाटत नाही. शिक्षा कोणाला, कशासाठी आणि किती, हे ज्याला शिक्षा होते त्याला आणि पाहणाऱ्या सगळ्यांना त्याच क्षणी समजले पाहिजे, हे वर्ग सांभाळणाऱ्या माणसालाच चटकन सुचणार.

कार्ड दाखवले की पंच वहीत खेळाडूचा क्रमांक आणि नाव लिहितो. शिस्तीचा सगळा डोलारा या एका नोंदीवर उभा असतो. नावच खोटे असेल तर? हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो मी अंगावर काढला आहे.

१९८५ साल. मी आठवीत होतो. तालुक्याच्या फुटबॉल स्पर्धेसाठी आमचा चौदा वर्षांखालचा संघ निघाला. मर्यादा होती १ जानेवारी १९७२. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेलाच मुलगा चालणार. आई सांगायची, माझा जन्म बहात्तरच्या महाशिवरात्रीचा. म्हणजे खऱ्या वयाने मी बसत होतो. पण शाळेच्या जनरल रजिस्टरात माझी तारीख होती १ जून १९७१.

ही १ जूनची भानगड आपल्याकडे घरोघर आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, पहिलीला सहा वर्षे पूर्ण हवीत, आणि खेड्यात जन्माची नोंद कोणी करत नसे. मग गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून पाहायचे आणि तारीख लिहायचे, १ जून. माझ्या पिढीच्या कुठल्याही हजेरीपटात पाहा, अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला दिसेल. गुरुजींचा हेतू चांगला होता. पोराचे वर्ष वाया जाऊ नये, इतकाच.

तर कागदाने मला बाद केले. आमच्या सरांनी तोड काढली. संघात एक लहानखुरा मुलगा होता, वयाने आणि कागदाने पात्र. त्याला म्हणाले, “तू उद्या घरी थांब.” मला म्हणाले, “त्याच्या नावावर खेळ.” मी खेळलो. दुसऱ्या सत्रात एका पोराने मला पाडले, पंचाला दिसले नाही, आणि मी पंचाला एक शिवी हासडली. लाल कार्ड मिळाले. पंचाने नाव विचारले. मी त्याचे नाव सांगितले.

त्या वेळी मला आपण सुटलो असे वाटले होते.

आता थोडे वयाबद्दल. वयोगट पाळायचा तो कशासाठी? तेरा ते सोळा या वर्षांत मुलाची उंची, वजन आणि ताकद इतक्या झपाट्याने वाढते की दोन वर्षांचे अंतर म्हणजे दोन वेगळी शरीरे. सोळाचा मुलगा चौदाच्या मुलाच्या अंगावर धावून जातो तेव्हा नियमाने तो फाउल नसेलही, पण गुडघा लहानाचाच फुटतो. आणि न फुटलेले नुकसान वेगळेच. ज्याची जागा गेली त्याचे नाव कुठल्याच यादीत नसते.

हे फक्त आपल्या तालुक्याचे दुखणे नाही. १९८८ मध्ये मेक्सिकोने कुमार गटाच्या पात्रता स्पर्धेत जास्त वयाचे खेळाडू उतरवल्याचे उघड झाले. फिफाने त्या देशावर दोन वर्षांची बंदी घातली आणि मेक्सिकोच्या थोरल्या संघाला १९९० च्या विश्वचषकाला मुकावे लागले. फिफाने २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. वाढत्या वयात मनगटाजवळ हाडाच्या टोकाशी कूर्चेचा पट्टा असतो, वाढ संपली की तो भरून हाड एकसंध होते. सतरा वर्षांच्या आत तो पूर्ण भरलेला असणे फार क्वचित. आपल्याकडे एक्स-रेवरून वय ठरवण्याची रीत आहे. सुब्रोतो चषकासारख्या नावाजलेल्या शालेय स्पर्धेतही वयाच्या तपासणीत संघ बाद झाले आहेत. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. हाड सांगते ते वाढीचे वय, जन्माची तारीख नव्हे. अर्धपोटी वाढलेल्या पोराचे हाड मागे असते, लवकर वयात आलेल्याचे पुढे. म्हणजे यंत्र आणले तरी प्रामाणिक मुलगा अडकू शकतो आणि लबाड सुटू शकतो. पहिली राखण शाळेच्या रजिस्टराचीच.

मग शाळा खोटे का करतात? दोष फक्त हावरेपणाचा नाही, रचनेचाही आहे. शालेय स्पर्धांची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशी चढते. वरच्या पायरीच्या प्रमाणपत्राला किंमत आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात हा कागद म्हणजे विहिरीला लागलेले पाणी. ज्या कागदाला एवढी किंमत, त्याची नक्कल निघणारच. महाराष्ट्रात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे निघाली आहेतच.

दुसरी अडचण पंचाची. सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात भरणार म्हणून राज्यात ‘मिशन वन मिलियन’ झाले. १५ सप्टेंबर २०१७ रोजी शाळाशाळांत पोरे फुटबॉल खेळली. ज्यांनी आयुष्यात कबड्डी-खोखोशिवाय काही पाहिले नव्हते, अशा शाळांतही चेंडू पोचला. मला मनापासून आनंद झाला. पण चेंडूबरोबर पंच कुठून येणार? तालुक्याच्या स्पर्धेत मी वारंवार पाहतो: शिट्टी पीटीच्या सरांच्याच तोंडात असते, आणि त्यांच्या शाळेचा सामना पुढच्या तासाला असतो. ते प्रामाणिक असतील, बहुतेक असतातच. पण हरलेल्या संघातल्या पोराने त्यांना प्रामाणिक का मानावे, याचे उत्तर मैदानावर कोणी देत नाही.

तक्रारीची वाट आहे. ठरावीक वेळेत, शुल्क भरून लेखी हरकत घेता येते. मात्र खेळाच्या ओघातल्या निर्णयावर, म्हणजे गोल झाला की नाही, फाउल होता की नाही, यावर पंचाचा शब्द अखेरचा. ते योग्यही आहे, नाहीतर सामना संपायचाच नाही. पण म्हणूनच बाकीचे सगळे, म्हणजे वय, नाव आणि पंचाची नेमणूक, चोख असायला हवे. जिथे दाद मागता येत नाही तिथे विश्वास लागतो, आणि तो शिट्टी वाजण्याआधीच कमवावा लागतो.

शिक्षा लहान ठेवूनही शिस्त येते, याचाही अनुभव आहे. फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळाने २०१७ मध्ये मुलांच्या आणि हौशी सामन्यांत खेळाडूला थोडा वेळ बाहेर बसवण्याची मुभा दिली. इंग्लंडच्या संघटनेने पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटे बाहेर बसवून पाहिले. प्रयोगात सामील झालेल्या लीगमध्ये हुज्जत ३८ टक्क्यांनी घटली. लाल कार्डाने पोरगे बाहेर जाते ते रागासकट. दहा मिनिटांनी ते परत येते, आणि परत यायची वाट असली की डोके थंड ठेवायला कारण मिळते.

आपल्या जिल्ह्यात हे उद्यापासून करता येईल, आणि त्याला निधी लागत नाही. सामन्याआधी दोन्ही संघ समोरासमोर उभे करून यादीतले नाव, फोटो आणि चेहरा दोन्ही कर्णधारांनी ताडून पाहावा. दोन शाळांच्या सामन्याला तिसऱ्या शाळेचा पंच द्यावा आणि तो कोण, हे आदल्या दिवशी फळ्यावर लिहावे. पंचाशी बोलायचे ते फक्त कर्णधाराने. आणि मुलाला कार्ड मिळाले तर दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला जवळ बसवून काय झाले ते त्याच्या तोंडून ऐकावे. हे चौथे काम सगळ्यांत कमी होते.

ते का हवे, हे मला उशिरा कळले. ज्याच्या नावावर मी खेळलो तो आज पंप दुरुस्तीचे दुकान चालवतो. काही वर्षांपूर्वी मोटर घेऊन गेलो होतो. तो काम करता करता सहज म्हणाला, “तुला आठवतं का रे, त्या वर्षी मला हेडमास्तरांनी बोलावून विचारलं होतं, पंचाला काय बोललास म्हणून? मी काय सांगणार? मी तर घरी शेंगा फोडत बसलो होतो.” पुढच्या वर्षी संघ निवडताना त्याच्या नावापुढे ‘तापट’ असा शेरा होता. त्याने पुन्हा बूट घातले नाहीत.

सरांनी खोटे केले शाळेसाठी, गुरुजींनी तारीख लिहिली माझ्या भल्यासाठी, मी शिवी दिली अन्याय झाला म्हणून. प्रत्येकाकडे कारण होते. शिक्षा मात्र जो मैदानावर नव्हता त्याला झाली.

मी त्याला म्हणालो, “ते कार्ड माझं होतं.” तो हसला, हात पुसले आणि म्हणाला, “माहीत आहे की. पण तू कधी म्हणाला नाहीस.”