टायरवरची नक्षी काय काम करते?

नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात टायर निवडताना गिऱ्हाईक कंपनी विचारतं, भाव विचारतं. नक्षीकडे पाहतं ते शोभा म्हणून. तिरप्या रेघांची आवडली की नागमोडी खाचांची, एवढाच प्रश्न असतो. पुण्याच्या पावसात मात्र त्याच नक्षीवर जीव अवलंबून असतो.

कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर नक्षीची गरजच नाही. शर्यतीच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर गुळगुळीत टायर लावतात, कारण जास्त रबर टेकलं की पकडही जास्त. पाणी आलं की गणित बदलतं. चाकापुढचं पाणी बाजूला सरायला वेळ लागतो. वेग वाढला की तो वेळ मिळत नाही, टायरखाली पाण्याची पाचर शिरते आणि चाक रस्त्यापासून सुटतं. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. नासाचे वॉल्टर हॉर्न यांनी 1960च्या दशकात या वेगाचं एक साधं सूत्र मांडलं. पाणी खाचांच्या खोलीपेक्षा जास्त साचलं असेल, तर 30 पीएसआय हवेच्या टायरला हा धोका ताशी साधारण 90 किलोमीटरला सुरू होतो. हवा कमी असेल तर त्याआधीच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला ताशी 100ची मुभा आहे, हे इथे आठवावं.

म्हणून खाचा. उभ्या, रुंद खाचा पाणी मागे नेतात, तिरप्या खाचा ते कडेला फेकतात. बाणासारखी नक्षी असलेल्या टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा छापलेली असते; तो उलटा बसवला तर पाणी बाहेर जाण्याऐवजी मधे ओढलं जातं. रबराच्या ठोकळ्यांवरच्या केसासारख्या बारीक चिरा ओल्या रस्त्यावर जास्तीच्या कडा पुरवतात.

मला सर्वात मोहक वाटतो तो आवाजाचा भाग. सगळे ठोकळे एकाच मापाचे केले तर ते ठरावीक अंतराने रस्त्यावर आपटतात आणि गाडीत एकसुरी भुणभुण घुमते. म्हणून चाकाच्या घेरावर ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात. ऊर्जा अनेक सुरांत विखुरते, एकच सूर कानात टोचत नाही. जवळून पाहिलं तर हा लहानमोठेपणा साध्या डोळ्यांनाही दिसतो. आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि चाक फिरताना वाया जाणारी ऊर्जा या तिन्हींच्या मर्यादा ‘एआयएस-142’ या मानकात आहेत. ही मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे.

मग निव्वळ शोभेचं काहीच नाही का? आहे. 1908च्या सुमारास अमेरिकेतल्या फायरस्टोन कंपनीने टायरवर तिरप्या अक्षरांत ‘फायरस्टोन नॉन स्किड’ हे शब्दच उठवले. तीच नक्षी आणि तीच जाहिरात. भारतात 2000च्या डिझाइन कायद्याखाली नक्षीची नोंदणी होते, पण संरक्षण मिळतं ते फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला, कामाला नाही. पाणी बाहेर काढायचे शंभर मार्ग असतात. त्यांतला कंपनीने निवडलेला चेहरा तिचा.

खरी फसवी शोभा वेगळीच आहे. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा कोरून तो ‘चांगला’ म्हणून विकला जातो. काही ट्रकच्या टायरमध्ये असं कोरण्यासाठी जादा रबर ठेवलेलं असतं आणि तसं टायरवर लिहिलेलंही असतं. कार-स्कूटरच्या टायरमध्ये ते नसतं. कोरलेली प्रत्येक खाच आतल्या धाग्यांवरचं उरलंसुरलं रबर खाते आणि टायर फुटण्याचा धोका वाढवते.

कारच्या टायरच्या खाचेत तळाशी 1.6 मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. बाजूवर ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण दिसेल, त्याच्या सरळ रेषेत शोधा. रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आलं असेल, तर पाऊस सुरू होण्याआधी टायर बदला.