चंद्रावर ऊन पडलंय

चंद्राचा फोटो बिघडतो तो लेन्स छोटी असते म्हणून नव्हे. आता रात्र झाली आहे, असं आपण मनात धरून बसलेलो असतो म्हणून तो बिघडतो. रात्र आपल्याकडे झालेली असते. चंद्राच्या उजळ भागावर त्या वेळी लख्ख ऊन असतं, आपल्या अंगणात दुपारी पडतं तेच. आणि चंद्राची जमीन दिसते तशी पांढरीशुभ्र मुळीच नाही. अंगावर पडलेल्या उजेडातला सुमारे १२ टक्केच उजेड ती परत पाठवते, म्हणजे झिजलेल्या डांबरी रस्त्याइतकी ती काळपट आहे. चंद्राचा फोटो काढणं म्हणजे उन्हातल्या डांबरी रस्त्याचा फोटो काढणं. एवढं एक पक्कं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

कॅमेऱ्याला हे कळायला मार्ग नसतो. साध्या किटबरोबर मिळणाऱ्या २५० मिलिमीटरच्या झूमने चंद्र चौकटीचा जेमतेम एक टक्का व्यापतो, बाकी सगळं काळं आकाश. ऑटोवरचा कॅमेरा त्या काळ्याला उजळवायला जातो आणि चंद्राचा पांढरा बत्तासा होतो. कोजागरीला दुधाचा पेला कठड्यावर ठेवून मी काढलेले पहिले वीसेक फोटो असेच गेले. लेन्स मोठी हवी होती, असं तेव्हा वाटलं. खरं तर उजेडाचा हिशोब हवा होता.

हा हिशोब किती भरवशाचा असतो ते अॅन्सेल अॅडम्सने १९४१ साली दाखवून दिलं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्याला चंद्रोदय दिसला. खाली दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं ऊन होतं आणि ते कुठल्याही क्षणी जाणार होतं. प्रकाशमापक सापडेना. चंद्राचा उजळपणा दर चौरस फुटाला २५० कँडल असतो, हे मात्र त्याला पाठ होतं. त्यावरून त्याने मनातल्या मनात आकडे मांडले आणि खटका दाबला. ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे जगप्रसिद्ध छायाचित्र त्या पाठांतरावर उभं आहे. चंद्राचा उजळपणा आपल्या इच्छेने किंवा गावातल्या दिव्यांनी बदलत नाही, म्हणूनच तो पाठ करता येतो.

आपणही पाठ करू. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८. पौर्णिमेला शटर १/२००, अष्टमीला १/५०. पहिला फोटो पाहून शटर एखादी पायरी इकडे-तिकडे करायचं, बस्स. अष्टमीला अर्धा चंद्र दिसतो, पण पौर्णिमेच्या निम्मा उजेड मिळत नाही, दहावा हिस्साच मिळतो. तिरप्या उन्हात सगळी जमीन सावल्यांनी भरलेली असते.

आणि या सावल्यांसाठीच तर जायचं. पौर्णिमा सुंदर, तिच्याशी माझं भांडण नाही. पण तेव्हा सूर्य आपल्या पाठीमागे असतो आणि चंद्र सपाट दिसतो, ऐन दुपारी डोंगर दिसतात तसा. संकष्टीचा चंद्रोदय दिनदर्शिकेत पाहायची आपल्या घराघरांत सवय आहे. तीच दिनदर्शिका शुक्ल अष्टमीसाठी उघडावी. त्यातही फाल्गुन-चैत्रातली अष्टमी. तेव्हा महाराष्ट्रात दिवेलागणीला चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी बघा. क्षितिजावरचा चंद्र भव्य वाटतो, पण तो डोळ्यांचा भास असतो, आणि तिथे तापलेल्या पत्र्यांवरची थरथरती हवाही आड येते. डोक्यावर हवेचा थर सर्वांत पातळ.

आधाराला ट्रायपॉड असला तर उत्तम. नसला तर गच्चीच्या कठड्यावर दोन किलो तांदळाची पिशवी ठेवायची, मधोमध मुठीने खळगा करायचा आणि लेन्स त्यात रुतवायची. तांदूळ लेन्सचा आकार धरतात आणि हलू देत नाहीत. खटका बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावायचा. ट्रायपॉडवर असाल तर लेन्समधलं स्थिरीकरण बंद करायचं. फोकस हाताने: पडद्यावर दहा पट मोठं करून रिंग अगदी सावकाश फिरवायची. चंद्राच्या कडेवर नव्हे, उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांवर लक्ष ठेवायचं. विवराचा काठ रेघेसारखा बारीक झाला, पुढे पुन्हा जाड झाला, की तेवढं मागे यायचं. या एका हालचालीला पाच मिनिटं द्या. फोटोतला रेखीवपणा इथे मिळतो.

मोबाइलवरही हिशोब तोच. चंद्रावर बोट टेकवून उजळपणा खाली ओढायचा, डाग दिसू लागेपर्यंत. फोन दुर्बिणीच्या नेत्रिकेला नीट टेकवला तर झूमपेक्षा खूपच चांगला फोटो येतो. काही फोन चंद्र ओळखून पदरचा तपशील भरतात. तो फोटो देखणा असतो, पण तो त्या रात्रीचा उजेड नव्हे, आणि मला तो चालत नाही.

२५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर चंद्र सुमारे ६०० पिक्सेल रुंद येतो. म्हणजे एक पिक्सेल जवळपास सहा किलोमीटर. फोटो संगणकावर मोठा केला की अष्टमीच्या सीमारेषेवर एपेनाइन्स डोंगरांची रांग दिसते, तिचं सर्वांत उंच शिखर पाच किलोमीटरहून उंच. रेषेच्या पलीकडे, काळोखात, एखाद-दुसरा सुटा उजळ ठिपका असतो. ते शिखर असतं. पायथ्याशी अजून रात्र, माथ्यावर ऊन आलेलं. गॅलिलिओने असेच ठिपके पाहून चंद्रावरच्या डोंगरांची उंची मोजली होती.

चंद्रावरची ही पहाट त्याच्या विषुववृत्तापाशी ताशी १५ किलोमीटरने सरकते, सायकलच्या वेगाने. म्हणून लगेच खाली उतरू नका. सात वाजता एक फोटो काढा, नऊला दुसरा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. मधल्या वेळात रेष चारपाच पिक्सेल पुढे गेलेली असते आणि सातच्या फोटोतला एखादा सुटा ठिपका नऊच्या फोटोत आपल्या डोंगराला जाऊन मिळालेला असतो.