लोकाधार आणि प्रतिनिधिबळ : १९६८ मधील मॅकार्थी-उमेदवारी

२३ एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. तीत मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी ह्यांना शेकडा सत्तरांहून अधिक मते पडली. चार महिन्यांनी शिकागो येथे पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले, तेव्हा त्याच राज्याच्या १३० प्रतिनिधिमतांपैकी शंभराहून अधिक मते उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री ह्यांच्या पारड्यात गेली. मॅकार्थी ह्यांच्या वाट्यास बावीसही आली नाहीत. प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी हम्फ्री ह्यांनी आपली उमेदवारी जाहीरसुद्धा केलेली नव्हती. ह्या सर्व प्रकारात मतपेट्यांची पळवापळव झाली नव्हती की कोणता नियम मोडला गेला नव्हता. जे झाले ते नियमास धरूनच झाले, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने मर्म नेमके तेथेच आहे. मॅकार्थी-उमेदवारीची हकीकत बहुधा तरुणांच्या उत्साहाची कथा म्हणून सांगितली जाते. तो उत्साह खरा होता. परंतु तळागाळातून उभा राहिलेला लोकाधार कोठे फळास येतो आणि कोठे वाया जातो, हे उत्साहाच्या मापाने कळत नाही. ते कळण्यास उमेदवार निवडण्याच्या पद्धतीकडे पाहावे लागते.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा पक्षीय उमेदवार राष्ट्रीय अधिवेशनात जमलेले प्रतिनिधी ठरवितात. हे प्रतिनिधी कसे निवडावेत, हे १९६८ पर्यंत प्रत्येक राज्यातील कायद्यावर व तेथील पक्षसंघटनेच्या परिपाठावर सोपविलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रागतिक सुधारकांनी पक्षनायकांच्या मक्तेदारीवर उपाय म्हणून प्राथमिक निवडणुकीची प्रथा पाडली खरी, पण ती सर्वत्र रुजली नाही. १९६८ मध्ये पंधराच्या आसपास राज्यांतच अशा निवडणुका झाल्या. उरलेल्या राज्यांत पक्षसमित्या, प्रभागसभा व राज्य-अधिवेशने ह्यांच्याद्वारे प्रतिनिधी नेमले जात. शिवाय जेथे मतदान होई तेथेही पुष्कळदा ते केवळ पसंतीदर्शक असे. प्रतिनिधींवर त्याचे बंधन नसे. पेनसिल्व्हेनियातील कोड्याचा उलगडा ह्या शेवटच्या वाक्यात आहे. ह्याचा दाखलाही पूर्वी मिळून चुकला होता. १९५२ मध्ये टेनेसीचे सिनेटर एस्टेस केफॉव्हर ह्यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये प्रत्यक्ष अध्यक्ष ट्रूमन ह्यांचा पराभव केला आणि बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या. तरी अधिवेशनाने उमेदवारी दिली ती अॅडलाय स्टीव्हन्सन ह्यांना, ज्यांनी ती मागितलीही नव्हती. सोळा वर्षांनंतरच्या कार्यकर्त्यांनी हा धडा पुरता लक्षात घेतला होता, असे म्हणवत नाही.

मॅकार्थी-उमेदवारीचा एक विशेष असा की, येथे चळवळ आधी जन्मास आली आणि उमेदवार मागाहून सापडला. लिंडन जॉन्सन हे १९६४ मध्ये शेकडा एकसष्ट मतांनी निवडून आलेले अध्यक्ष होते, आणि पदारूढ अध्यक्षास त्याच्याच पक्षात आव्हान देणे हा राजकीय आत्मघात समजला जाई. तथापि १९६७ च्या अखेरीस व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्य पाच लाखांच्या घरात पोहोचले होते व युद्धाचा शेवट दृष्टिपथात नव्हता. त्या वर्षी अॅलर्ड लोवेनस्टाइन आणि कर्टिस गॅन्स ह्यांनी जॉन्सनविरोधी डेमोक्रॅटांची राज्याराज्यांतून जुळवाजुळव आरंभिली. उमेदवारीची विनंती घेऊन लोवेनस्टाइन प्रथम रॉबर्ट केनेडी ह्यांच्याकडे गेले, मग जनरल जेम्स गॅव्हिन ह्यांच्याकडे, मग सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न ह्यांच्याकडे. सर्वांनी नकार दिला. अखेर मॅकार्थी ह्यांनी होकार दिला व ३० नोव्हेंबर १९६७ रोजी तो जाहीर केला.

नामसादृश्यामुळे होणारा गैरसमज येथेच दूर केलेला बरा. साम्यवादद्वेषासाठी कुप्रसिद्ध झालेले विस्कॉन्सिनचे जोसेफ मॅकार्थी ते हे नव्हेत. उलट १९५२ मध्ये यूजीन मॅकार्थी ह्यांनी दूरचित्रवाणीवर त्यांच्याशी जाहीर वाद घातला होता. हे पूर्वाश्रमीचे अध्यापक होते, काही महिने बेनेडिक्टाइन मठात उमेदवारी केलेले कॅथलिक होते आणि कविता लिहीत. त्यांचे वक्तृत्व संथ, किंचित उपरोधिक आणि टाळ्यांची अपेक्षा न करणारे होते. हाती मशाल घेऊन धावणारा पुढारी हवा असलेल्या कार्यकर्त्यांची त्यामुळे वारंवार निराशा झाली. चळवळ आणि तिचा नायक ह्यांच्या स्वभावातील हे अंतर शेवटपर्यंत बुजले नाही.

न्यू हॅम्पशायर हे राज्य लहान, थंड आणि राजकीय दृष्ट्या सनातनी. मॅकार्थी तेथे उभे राहण्यास प्रारंभी नाखूष होते. स्थानिक कार्यकर्ते डेव्हिड हो आणि जेरी स्टड्स ह्यांनी त्यांचे मन वळविले. राज्याचे गव्हर्नर जॉन किंग व सिनेटर टॉमस मॅकिंटायर दोघेही जॉन्सन-पक्षाचे होते. अशा स्थितीत सॅम ब्राउन ह्या हार्वर्डच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने ठिकठिकाणच्या विद्यापीठांतून स्वयंसेवक आणण्याची व्यवस्था लावली. शनिवार-रविवारी बसगाड्या भरभरून विद्यार्थी येत. मिळेल तेथे पथाऱ्या टाकीत आणि बर्फातून घरोघर फिरत. त्यांच्यावर एक शिस्त लादलेली होती. दाढी व लांब केस कापल्याखेरीज मतदारांच्या दारी जावयाचे नाही. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी कार्यालयात बसून पत्ते लिहावेत व याद्या कराव्यात. वर्तमानपत्रांनी ह्या केशकर्तनाचेच कौतुक अधिक केले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मतदाराशी वाद न घालता त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी शिकवण त्यांना दिलेली होती. प्रत्येक घराची पसंती कार्डावर नोंदविली जाई व डळमळीत मतदाराकडे पुन्हा जाणे होई. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्या काळी बहुतेक राज्यांत मतदानाचे वय एकवीस वर्षे होते. ते अठरावर आले १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने. ज्या मुलांना युद्धावर पाठविता येत होते पण मत देता येत नव्हते, अशी कितीतरी मुले इतरांची मते मागत हिंडत होती.

प्रतिपक्षाने त्यांच्या कार्यास अजाणता हातभार लावला. जॉन्सन ह्यांनी आपले नाव मतपत्रिकेवर येऊ दिले नव्हते, म्हणून मतदारांनी ते स्वहस्ते लिहावे अशी मोहीम पक्षसंघटनेने काढली. तिच्यासाठी क्रमांक घातलेली त्रिदल प्रतिज्ञापत्रे छापण्यात आली. एक भाग मतदारापाशी राहावयाचा, दुसरा राज्यातील पक्षाकडे जावयाचा व तिसरा व्हाइट हाउसकडे. गुप्त मतदानाच्या तत्त्वास ह्यामुळे धक्का बसतो, असा आक्षेप मॅकार्थी-पक्षाने घेताच, स्वतंत्र बाण्याच्या त्या राज्यात तो अनेकांना पटला. त्यातच ३० व ३१ जानेवारीपासून व्हिएतनाममध्ये टेट सणाच्या वेळचे आक्रमण सुरू झाले व युद्ध जिंकत आल्याच्या सरकारी ग्वाहीवरील विश्वास ढासळला.

१२ मार्च रोजी मतदान झाले. जॉन्सन ह्यांना शेकडा सुमारे एकोणपन्नास व मॅकार्थी ह्यांना सुमारे बेचाळीस मते मिळाली. म्हणजे गणिताने जॉन्सन विजयी झाले होते. अर्थ मात्र सर्वांनी उलटा घेतला. शिवाय राज्याच्या चोवीस प्रतिनिधींपैकी वीस मॅकार्थी ह्यांचे निवडून आले. त्याचे कारण लोकाधार नव्हे, व्यवस्था. मॅकार्थी-पक्षाने चोवीस जागांना चोवीसच नावे दिली होती. जॉन्सन-पक्षाच्या मानकऱ्यांपैकी कोणास वगळणे संघटनेला जमले नाही, फाजील नावे उभी राहिली आणि मते विभागली. पक्षयंत्रणेचे कसब ह्या एका ठिकाणी नवशिक्यांनी अधिक चांगले वापरले.

ह्या मतांचा अर्थ काय, हा प्रश्न पुढे संशोधनाचा विषय झाला. मिशिगन विद्यापीठाच्या सर्वेक्षण-संशोधन केंद्रातील फिलिप कॉन्व्हर्स प्रभृतींनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात असे आढळले की, न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थी ह्यांना मते देणाऱ्यांपैकी युद्ध सौम्यपणे चालविले म्हणून जॉन्सनवर रुष्ट असलेल्यांची संख्या शांतिवाद्यांहून जास्त होती. प्रमाण जवळजवळ तिनास दोन. ह्या निष्कर्षावरून स्वयंसेवकांचे श्रम भ्रमावर आधारलेले होते असे म्हणण्याचा मोह काहींना झाला. ते म्हणणे उथळ आहे. घरोघरच्या त्या भेटींनी मतपरिवर्तन केले नसेल. पण जो असंतोष मुकाट होता, त्याला नीटनेटका, शिष्टसंमत असा एक मार्ग त्यांनी मोकळा करून दिला. मतदाराने दिलेले मत आणि कार्यकर्त्याने मागितलेले मत ह्यांचा आशय एकच असतो असे नाही, एवढा बोध मात्र त्या आकड्यांवरून अवश्य घ्यावा.

पैशाविषयीही असाच विवेक केला पाहिजे. ही चळवळ केवळ विद्यार्थ्यांच्या चार आण्यांवर चालली नव्हती. स्ट्युअर्ट मॉट ह्यांच्यासारख्या धनिकांच्या मोठ्या देणग्या तिला मिळाल्या, आणि त्या वेळी देणगीवर परिणामकारक मर्यादा नव्हती. १९७४ च्या कायद्याने व्यक्तिगत देणगीस एक हजार डॉलरची सीमा घातली, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या वादींत मॅकार्थी व मॉट दोघेही होते. १९७६ मधील बकली विरुद्ध व्हॅलिओ ह्या निकालाने खर्चावरील मर्यादा रद्द झाली, देणगीवरील कायम राहिली. सामान्य जनांच्या उमेदवाराने देणगी-मर्यादेस विरोध करावा हे विचित्र दिसते. परंतु पक्षसंघटना पाठीशी नसलेल्या उमेदवारास आरंभीचे भांडवल कोठून मिळावे, ह्या अडचणीचे ते प्रामाणिक उत्तर होते.

न्यू हॅम्पशायरनंतरच्या घटना वेगाने घडल्या. १६ मार्चला रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. मॅकार्थी-समर्थकांना तो आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याचा प्रकार वाटला. ३१ मार्चला जॉन्सन ह्यांनी माघार घेतली. दोनच दिवसांनी विस्कॉन्सिनमध्ये मॅकार्थी शेकडा छप्पन्न मते मिळवून विजयी झाले. पण येथून पुढे त्यांच्या लोकाधाराची सामाजिक सीमा दिसू लागली. इंडियानात केनेडी ह्यांना बेचाळीस टक्के मते पडली, मॅकार्थी सत्तावीस टक्क्यांवर अडले. कृष्णवर्णीय मतदार व शहरांतील श्रमिक केनेडींकडे वळले होते. सुशिक्षित उपनगरांत मॅकार्थी ह्यांचे बळ होते. ऑरेगॉन हे राज्य तशा वस्तीचेच असल्याने तेथे त्यांनी केनेडींना हरविले. ४ जूनला कॅलिफोर्नियात केनेडींनी बेचाळिसांविरुद्ध सेहेचाळीस टक्क्यांनी ते उट्टे काढले, आणि त्याच रात्री मध्यरात्रीनंतर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ६ जूनला त्यांचा अंत झाला.

हम्फ्री ह्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढविली नाही. त्यांना त्याची आवश्यकता नव्हती. पुढे नेमलेल्या सुधारणा-आयोगाने दाखवून दिले की, एकतृतीयांशाहून अधिक प्रतिनिधींच्या निवडीची प्रक्रिया १९६८ उजाडण्यापूर्वीच, म्हणजे उमेदवार व प्रश्न दोन्ही स्पष्ट होण्यापूर्वीच, पार पडली होती. जॉर्जियात तर निवड व्यवहारतः गव्हर्नर व पक्षाध्यक्ष ह्यांच्या हाती होती. काही राज्यांत ‘युनिट रूल’ होता: बहुमत ज्याच्या बाजूस, त्याच्या नावे शिष्टमंडळाची सर्व मते मोजावयाची. जेथे प्रभागसभा खुल्या होत्या तेथे मॅकार्थी-समर्थकांनी शिरकाव केलाच. हम्फ्री व मॅकार्थी ह्या दोघांच्याही मिनेसोटात, मिनियापोलिस व सेंट पॉल येथील अनेक प्रभागसभा त्यांनी काबीज केल्या. परंतु बहुतेक ठिकाणी ते दार ठोठावण्यास आले तेव्हा सभा आटोपून गेलेली होती. बर्फात घरोघर हिंडण्याचे श्रम तेथे कशाच्या कामी येणार? समजूत घालावयास मतदारच नव्हता.

ऑगस्टअखेर शिकागोत रस्त्यावर लाठीमार चालू असता आत मतमोजणी झाली: हम्फ्री १,७६० च्या जवळपास, मॅकार्थी ६०१. प्राथमिक निवडणुकांत मॅकार्थी ह्यांनी एकूण एकोणतीस लाखांच्या आसपास मते मिळविली होती. दंगलीच्या गदारोळात एक ठराव मात्र फारशा चर्चेवाचून संमत झाला. मॅकार्थी-समर्थकांच्या पुढाकाराने आयोवाचे गव्हर्नर हॅरल्ड ह्यूज ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक अनधिकृत समिती बसली होती. तिने निवडपद्धतीतील दोषांचा अहवाल प्रतिनिधींपुढे ठेवला. त्याच दिशेने अधिवेशनाने युनिट रूल मोडीत काढला आणि पुढील निवड सर्व डेमोक्रॅटांच्या वेळेवरच्या व पूर्ण सहभागाने व्हावी असे ठरविले. अनेक प्रतिनिधींना आपण कशास हात वर केला ह्याची कल्पना नसावी. त्या ठरावातून १९६९ मध्ये मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग निर्माण झाला. त्याच्या अठरा मार्गदर्शक नियमांनी निवड निवडणुकीच्या वर्षातच व खुल्या रीतीने करणे राज्यांना भाग पाडले. ते पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून राज्यामागून राज्याने प्राथमिक निवडणूक पत्करली.

१९७२ मध्ये ह्याच नियमांच्या आधारे मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्यांत पराभूत झाले. पक्षनायकांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. १९८२ मध्ये हंट आयोगाने पदाधिकारी व लोकप्रतिनिधी ह्यांच्यासाठी मतदारांच्या कौलाने न बांधलेल्या जागा राखून ठेवण्याची शिफारस केली, व १९८४ पासून हे ‘सुपरडेलिगेट’ अधिवेशनात बसू लागले. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स ह्यांच्या उमेदवारीच्या वेळी ते एकंदर प्रतिनिधींच्या शेकडा पंधराच्या आसपास होते व त्यांतील बहुतेक हिलरी क्लिंटन ह्यांच्या बाजूस होते. बांधील प्रतिनिधींतही क्लिंटन पुढे असल्याने निकाल त्यांच्यामुळे फिरला असे म्हणता येत नाही. पण सँडर्स-समर्थकांनी तक्रार लावून धरली. ऑगस्ट २०१८ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीने, चुरशीच्या लढतीत पहिल्या फेरीस ह्या प्रतिनिधींनी मत देऊ नये, असा नियम केला. दुसऱ्या फेरीची वेळ आल्यास त्यांचा अधिकार अबाधित ठेवण्यात आला आहे.