घड्याळाबाहेरची कोडी

कागदाचा एक चौरस मनात आणा. त्याची मधोमध उभी घडी घाला, मग मधोमध आडवी. आता जिथे दोन्ही घड्या एकत्र येतात त्या कोपऱ्यापाशी एक भोक पाडा. कागद उलगडला की चार भोकं दिसतील, चारही कागदाच्या मध्याभोवती दाटीनं. भोक समोरच्या मोकळ्या कोपऱ्यापाशी पाडलं असतं, तर तीच चार भोकं कागदाच्या चार टोकांना गेली असती. जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड चाचणीत पाचवीच्या मुलांना असे प्रश्न असतात. कागद हातात नसतो. घडी मनातच घालायची आणि मनातच उलगडायची.

हिंगोली जिल्ह्याचं नवोदय वसमतला आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून या शाळा देशभर पसरल्या, पण पहिल्या दोन प्रयोग म्हणून आधीच, १९८५-८६ साली, उघडल्या होत्या. त्यातली एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या हुशार मुलाला गावात राहून जे मिळत नाही ते शासनानं द्यायचं, हा त्यामागचा विचार. राहणं, जेवण, पुस्तकं, शिक्षण, सगळं मोफत. जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एकूण जागांपैकी एक तृतीयांश मुलींना. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. चाचणी आयुष्यात एकदाच देता येते.

चाचणीत दोन तासांत ८० प्रश्न. गणित आणि भाषा यांचे वीस-वीस, आणि मानसिक क्षमतेचे चाळीस, म्हणजे निम्मे. हे चाळीस मला फार मोलाचे वाटतात. त्यांत शब्द जवळजवळ नाहीतच, सगळ्या आकृत्या. गटात न बसणारी आकृती ओळखा, मालिका पुढे न्या, आरशातली प्रतिमा निवडा, गुंतागुंतीच्या रेघांमध्ये लपलेला आकार शोधा, तुकडे जोडून चौरस पूर्ण करा. ज्या घरात वर्तमानपत्रही येत नाही त्या घरातल्या मुलाला शब्दसंग्रह नडू नये, ही त्यामागची खरी माणुसकी. सेनगाव-कळमनुरीकडच्या वस्तीवरच्या मुलीला आरसा जितका ठाऊक, तितकाच शहरातल्या मुलाला.

जिल्हा परिषदेच्या शाळांतले अनेक शिक्षक या चाचणीसाठी आणि शिष्यवृत्ती परीक्षेसाठी जादा तास घेतात. शिष्यवृत्तीतही बुद्धिमत्ता चाचणीला १०० गुण आहेत. या शिक्षकांचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण चाळीस आकृत्यांना साठ मिनिटं, म्हणजे कोड्याला दीड मिनिट. एवढ्या वेळात मूल युक्ती वापरू शकतं, कोड्यात रमू शकत नाही. प्रश्नसंच सोडवून झाले की पर्याय कसे खोडायचे ते हाताला कळतं, आणि चाचणी झाल्याच्या दिवशी संच कपाटात जातो. चाचणी मुलं निवडते. निवडलेल्यांना आणि राहिलेल्यांना पुढे बुद्धीला खाद्य कुठून मिळायचं, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा आहे.

त्याचं उत्तर जयंत नारळीकरांच्या बालपणात सापडतं. बनारसच्या घरात वडिलांनी मुलांसाठी भिंतीवर फळे करून घेतले होते. शिकायला आलेले मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर एखादं अवघड गणित लिहीत आणि वर लिहीत: जयंतसाठी आव्हान. ते सुटेपर्यंत, किंवा जयंत हार मानेपर्यंत, फळ्यावर तसंच राही. येताजाता ते दिसे. त्याला गुण नव्हते, वेळही नव्हती.

हे विद्यापीठाच्या आवारातलं घर होतं, असं कुणी म्हणेल. मग देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांकडे पाहा. १९३० ते १९६२ ते तिथे शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, हाताशी फक्त अंक. १९४९ साली त्यांना ६१७४ सापडला. हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ला वेगळा झाला, म्हणून आपण १९९९ घेऊ. अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. ९९९१ वजा १९९९, आले ७९९२. पुन्हा तेच: ९९७२ वजा २७९९, ७१७३. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सहाव्या पायरीला ६१७४. इथून पुढे हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या सात पायऱ्यांच्या आत इथेच येते. चौथीच्या मुलाला एवढी वजाबाकी येते. तीन अंकी संख्येचं काय होतं, हे विचारलं की वर्ग घरी जायला तयार होत नाही. (तिथे ४९५ येतं, पण ते सांगून टाकू नये.) १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि मगच आपल्याकडे अनेकांना ते कळले.

हिंगोलीच्या मुलांसाठी तर एक कोडं दारातच उभं राहतंय. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. तिला एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेत टिपली गेली, लिव्हिंगस्टनला आधी आणि हॅनफर्डला सुमारे सात हजारांश सेकंदांनी नंतर. एवढ्या फरकावरून लहर आकाशातल्या एका वर्तुळावरून कुठून तरी आली, इतकंच कळतं. नेमकी जागा कळायला दूरवर आणखी वेधशाळा लागतात. इटलीत आणि जपानमध्ये त्या आहेत, औंढ्याची त्यांत भर पडेल.

हे शाळेच्या मैदानावर करून पाहता येतं. दोन मुलं लांब लांब उभी करा आणि दूर कुठेतरी फटाका वाजवा. आवाज कुणाला आधी आला यावरून दिशेचा अंदाज येतो, पण तो दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या या बाजूचा की त्या बाजूचा, हे ठरत नाही. आरशातल्या प्रतिमेचाच हा प्रश्न. तिसरं मूल कुठे उभं करावं? त्याच रेषेवर केलं तर काही उपयोग होत नाही. का होत नाही, ते वसमतच्या किंवा कुठल्याही वस्तीशाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावं आणि पुसू नये.