गोट्यांच्या माळावरची द्राक्षबाग



गळिताचा हंगाम लागला की आपल्या पारावरच्या गप्पांत दोनच विषय असतात. एकरी किती टन पडले, आणि उतारा किती लागला. आज ज्या शेतकरी कुटुंबाची हकिकत सांगायची आहे, त्यांच्या गावात ठरल्यापेक्षा जास्त माल काढायलाच बंदी आहे! आणि या बंदीसाठी पुढाकार घेतला तो शेतकऱ्यांनीच.

फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोनफ-द्यु-पाप नावाचे गाव आहे. त्याच्या पूर्वेला ला क्रो हे पठार. जमीन पाहिली तर आपण म्हणू, इथे कुसळ तरी उगवेल का? वरती नुसते गोल गोटे, काही तर माणसाच्या डोक्याएवढे. पण हे गोटे दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात, आणि खालच्या तांबड्या चिकण मातीत ओल टिकून राहते. या माळावर ब्रुनिये घराण्याची सुमारे ७० हेक्टर बाग आहे. जुन्या काळी दोन हात हलवून टेकडीवरून टेकडीला निरोप देणारा तारायंत्राचा मनोरा इथे होता. त्यावरून त्यांच्या मळ्याचे नाव पडले 'व्ह्यो तेलेग्राफ', म्हणजे जुने तारघर.

१८६० नंतर फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या. अमेरिकन खुंटावर कलमे बांधली, तेव्हा कुठे द्राक्षे पुन्हा उभी राहिली. त्या शतकाच्या अखेरीस हिपोलित ब्रुनिये यांनी या मळ्याची सुरुवात केली. मग मुलगा, नातू, पणतू असे करीत आज त्यांची पाचवी पिढी बागेत उतरली आहे.

त्यांच्या तांबड्या वाइनमध्ये ग्रनाश या द्राक्षाचा वाटा सुमारे दोन तृतीयांश असतो. ही जात मूळची स्पेनकडची. दुष्काळाला दाद देत नाही, सोसाट्याच्या वाऱ्यातही तारेच्या आधाराशिवाय उभी राहते, आणि साखर तर भरपूर धरते. पण गुणाबरोबर खोडही आहे. रंग फिका, आणि फुलोऱ्यात थंडी-पाऊस लागला की मणी गळतात. म्हणून जोडीला रंगासाठी सिरा आणि भक्कमपणासाठी मूर्वेद्र ही जात मिसळतात. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची. सहकार म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?

आता साखरेचा हिशेब पाहा, तो आपल्या ओळखीचा आहे. रसात लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखर असली की आंबल्यावर एक टक्का मद्यार्क तयार होतो. फ्रान्सच्या काही थंड भागांत साखर कमी पडली तर वरून घालायला परवानगी असते. इथे ती नाही. जे काही गोड व्हायचे ते वेलीवरच!

हे नियम आले कुठून? गावाच्या नावाखाली भलताच माल खपू लागला, तेव्हा १९२३ साली शेतकरी बॅरन ल र्वा या वकिली शिकलेल्या बागायतदाराकडे गेले. आधी तुम्ही स्वतः प्रामाणिकपणाचा धडा घालून द्या, मगच मी पुढे होतो, अशी अट त्यांनी घातली असे सांगतात. शेतकऱ्यांनी ती मानली. कोणती जमीन, कोणत्या जाती, किमान किती मद्यार्क, हे सारे ठरले. खराब घड वेचून टाकणे बंधनकारक झाले. १९३६ मध्ये सरकारने त्यावर शिक्कामोर्तब केले. हेक्टरी मर्यादा ३५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरी साधारण १४०० लिटर. द्राक्षांच्या हिशेबात एकरी जेमतेम दोन टन.

नियम चांगल्या वर्षी कोणीही पाळतो. कसोटी लागते ती वाईट वर्षी. २००२ च्या सप्टेंबरात ऐन तोडणीच्या तोंडावर मुसळधार पाऊस कोसळला, पलीकडच्या गार्ड जिल्ह्यात तर महापूर आले. ब्रुनिये बंधूंनी त्या वर्षी 'व्ह्यो तेलेग्राफ' नावाची तांबडी वाइन बाजारात आणलीच नाही. जो माल जमला तो 'तेलेग्राम' या दुय्यम नावाने, कमी भावात विकला. वर्षाची कमाई घटली, पण घराण्याचे नाव पाण्यात गेले नाही.

आजची अडचण उलटी आहे. उन्हाळे तापू लागले, तोडणी लवकर येऊ लागली, आणि ग्रनाशमध्ये साखर इतकी चढते की मद्यार्क १५ टक्क्यांच्या आसपास जातो. कधीकाळी किमान किती भरेल याची काळजी, आता फार होईल याची!

दारूची भलामण करण्याचा इथे हेतू नाही, हे सुज्ञ सभासदांना सांगायला नको. मुद्दा वेगळाच आहे. त्या गावात खराब घड कोणी पाहत नाही म्हणून टोपलीत टाकला, तर तो एकाच्या नावावर जात नाही, साऱ्या गावाच्या नावावर जातो. आपल्या मोळीतून पाचट, वाढे, माती आणि शिळा ऊस गव्हाणीत गेला, तर उतारा कोणाचा घसरतो? मोळी एकाची असते, उतारा मात्र सर्वांचा.