घरच्या राउटरमागे आपला सर्व्हर



घरी जुना लॅपटॉप पडून आहे. त्यावर स्वाध्यायपत्रिका ठेवल्या, तर पालकांना आपापल्या घरून उतरवून घेता येतील का? येतील. मी करून पाहिलं. पण मधे राउटर असतो, त्याचं वागणं आधी समजून घ्यावं लागतं.

राउटर घरातल्या प्रत्येक मोबाईलला, लॅपटॉपला एक खाजगी पत्ता देतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो फक्त घरात चालतो. शेजारच्या घरातही अगदी तोच पत्ता असू शकतो! बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा एकच पत्ता. सोसायटीत पार्सल आलं आणि त्यावर फ्लॅट नंबरच नसेल तर वॉचमन काय करणार? परत पाठवणार. राउटरचंही तसंच. आतून कोणी काही मागवलं असेल तर ते कोणाचं हे त्याच्या लक्षात असतं, न मागता आलेलं तो टाकून देतो.

म्हणून त्याला सांगून ठेवायचं, की ४४३ नंबरच्या पोर्टवर कोणी आलं तर १९२.१६८.१.५० कडे पाठव. हेच पोर्ट फॉरवर्डिंग. (वेबसाईटचे नेहमीचे पोर्ट ८० आणि ४४३.) लॅपटॉपचा आतला पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर उद्या तो टीव्हीला जाईल. बाहेरचा पत्ताही बदलत राहतो. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस, म्हणजे नाव तेच, मागचा पत्ता आपोआप नवा.

एवढं करूनही माझं दोन दिवस काही चाललं नाही. शेवटी पाहिलं तर राउटरचा बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता म्हणजे कंपनीने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. तिथे आपलं फॉरवर्डिंग पोचतच नाही. स्वतंत्र पत्ता मागून घ्यावा लागला.

आता खरी काळजीची गोष्ट. सर्व्हर सुरू झाल्यावर नोंदी उघडल्या, तर अनोळखी पत्त्यांवरून सारखी ठकठक. माणसं नव्हेत, उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम. आणि त्याच लॅपटॉपवर माझ्या वर्गाचे फोटो आणि गुणपत्रकं होती! त्याच रात्री सगळं बंद केलं. फाईल शेअरिंगचा ४४५ पोर्ट तर बाहेर कधीच उघडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय त्याच वाटेने जगभर पसरला होता. आता त्या लॅपटॉपवर फक्त स्वाध्याय आहेत. फोटो वेगळ्या डिस्कवर, आणि त्या बाहेरून बघायच्या तर व्हीपीएनमधूनच.

एका पालकांनी विचारलं, "सर, लाईट गेली तर?" लॅपटॉप बॅटरीवर चालतो हो, पण राउटर बंद पडतो.